एसटीपीच्या गाळातले मेटाबोलाइट काढायला कोणतं एक्स्ट्रॅक्शन घ्यावं? (सोलापूर, रिॲक्टिव्ह डायचं पाणी येणारा प्लांट)

गाळ_आणि_जिवाणू (प्रश्न)

नमस्कार सगळ्यांना. मी सोलापुरात मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. विषय असाय की सांडपाण्याच्या प्लांटमधल्या (एसटीपी) ॲक्टिव्हेटेड स्लजमधे, म्हणजे हवा सोडलेल्या टाकीतल्या गाळात, जे जिवाणू एकत्र राहतात ते रिॲक्टिव्ह डाय (सुताला पक्का बसणारा रंग) आल्यावर नेमकं काय करतात. कोण आहेत ते डीएनएवरून कळतंय, ते काम बऱ्यापैकी झालंय, पण करतायत काय हे बघायला मेटाबोलाइट, म्हणजे त्यांच्या चयापचयातले छोटे रेणू, बघायचेत. आपल्याकडे टॉवेल-चादरीचं सूत रंगवणारी डाइंग हाऊस किती आहेत ते सांगायला नको, त्यांचं थोडं पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळून येतं आणि टाकीचा रंग काही दिवशी अक्षरशः बदललेला दिसतो.

आता अडचण अशी की एक्स्ट्रॅक्शन (सॉल्व्हंटनी हे रेणू गाळातून काढणं) कोणतं घ्यायचं यावरच मी अडकून बसलेय. वाचायला घेतलं की प्रत्येक पेपरमधे वेगळं. कोण ब्लाय-डायर (क्लोरोफॉर्म-मिथेनॉल) म्हणतं, कोण एमटीबीई (एक ईथर), कोण मिथेनॉल-ॲसिटोनायट्राइल-पाणी, कोण उकळतं इथेनॉल. गाईड म्हणतात एवढं डोकं कशाला लावतेस, इथाइल ॲसिटेटनी तीनदा काढ, रोटरीवर सुकव, जीसी-एमएसला (वाफ होणारे रेणू ओळखणारं मशीन) दे, सगळे तेच करतात. सर चुकीचं सांगतायत असं माझं म्हणणं नाही पण मला मनातून पटत नाहीये आणि का पटत नाहीये ते नीट मांडता पण येत नाहीये.

हाताशी काय आहे ते सांगते: रेफ्रिजरेटेड सेंट्रिफ्यूज, प्रोब सोनिकेटर, लायोफिलायझर, उणे ८० चा फ्रीजर (दुसऱ्या विभागाचा, पण जागा देतात). बीड बीटर मिळू शकतो. एलसी-एमएस (द्रावणातले रेणू ओळखणारं मशीन) इथे नाही, सॅम्पल पैसे भरून पुण्याला पाठवणार. प्लांटपासून लॅब गाडीवर अर्धा-पाऊण तास. आणि आत्ता बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री चाललंय. क्वेंचिंग, म्हणजे पेशींचं काम त्याच क्षणी थांबवणं, खरंच लागतं का, की बर्फात बाटली ठेवून आणली तरी चालेल? ज्यांनी गाळावर हे स्वतः केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज, ई. कोलायच्या कल्चरवरचे प्रोटोकॉल माझ्याकडे ढीगभर आहेत, गाळ म्हणजे वेगळंच प्रकरण आहे.

---

मास_स्पेक_पुणे

ताई, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे आणि का ते सांगतो.

इथाइल ॲसिटेट डायच्या कामात एवढं का वापरतात, तर रंग गेल्यावर डायचे तुकडे काय झाले ते बघायचं असतं आणि ते जीसी-एमएसला जायला हवेत म्हणून. त्या प्रश्नाला ते काही प्रमाणात चालतं. पण तुमचा प्रश्न जिवाणू काय करतायत हा आहे. ॲमिनो ॲसिड, ऑरगॅनिक ॲसिड, शुगर फॉस्फेट, न्यूक्लिओटाइड, एनएडीएच, यातलं बहुतेक सगळं पाण्यात राहणार, इथाइल ॲसिटेटच्या थरात येणारच नाही, आणि तुम्ही तो पाण्याचा थर ओतून देणार.

आणि त्यातली गंमत म्हणजे डायच्या तुकड्यांसाठी सुद्धा ते पुरेसं नाही. रिॲक्टिव्ह डाय पाण्यात विरघळतो कारण त्याला सल्फोनिक ग्रुप असतात. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ घ्या, त्याचे दोन्ही ॲझो बाँड तुटले की मधला जो नॅफ्थलीनचा तुकडा उरतो त्याच्यावर दोन सल्फोनिक ग्रुप, तीन अमिनो आणि एक हायड्रॉक्सी. असला रेणू पीएच २ ला नेला तरी इथाइल ॲसिटेटमधे जात नाही, कारण सल्फोनिक ग्रुप तेवढ्या पीएचला पण आयनच असतो. म्हणजे जो तुकडा सगळ्यात महत्त्वाचा तोच हातातून जातो आणि जीसी-एमएसच्या लायब्ररीत काहीतरी थॅलेट (प्लास्टिकमधून येणारं) नाहीतर फॅटी ॲसिड सापडतं आणि तेच डिग्रेडेशन प्रॉडक्ट म्हणून लिहिलं जातं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं कारण मुलांनी मेहनत केलेली असते.

तेव्हा आधी ठरवा की तुम्हाला काय बघायचंय. पेशींच्या आतलं का, बाहेर पाण्यात सोडलेलं का, लिपिड का, डायचे तुकडे का. एका सॉल्व्हंटमधे हे सगळं येत नाही, आणि कोणी येतं म्हणालं तर त्याला रिकव्हरी, म्हणजे टाकलेल्यातलं किती परत मिळालं ते, विचारा. माझं मत विचाराल तर एकच मुख्य पद्धत पेशीतल्या पोलर गोष्टींसाठी, आणि एक वेगळी नळी बाहेरच्या पाण्यासाठी. बाकीचं नंतर.

---

एरेशन_टँक

मी केमिस्ट नाही, प्लांटवर ऑपरेशन बघतो (सोलापूर नाही, पण जिल्हा आपलाच). एक्स्ट्रॅक्शनचं वरचे सर सांगतील. मला फक्त बाटलीचं बोलायचंय, कारण कॉलेजची मुलं सॅम्पल न्यायला येतात आणि बाटली गच्च भरून झाकण लावून बॅगेत टाकून निघून जातात.

हिशोब करून बघा मॅडम. टाकीत डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) लिटरमागे २ मिलिग्रॅम असतो, बरं चाललेलं असेल तर. गाळ ऑक्सिजन खातो तासाला लिटरमागे ३०-४० मिलिग्रॅम, उन्हात जास्तच. म्हणजे झाकण लावल्यापासून तीन-चार मिनिटांत बाटलीतला ऑक्सिजन संपला. तुम्ही अजून गेटवर सही करताय तोवर तुमचा गाळ एरोबिक राहिलेलाच नाही. आणि तुमचं तर काम डायचं आहे, डायचा रंग तुटतो तो मुख्यतः ऑक्सिजन नसताना. म्हणजे तुम्ही टाकीतलं म्हणून जे मोजणार ते खरं तर तुमच्या बाटलीत गाडीवर घडलेलं. बर्फात ठेवलं तर वेग कमी होतो, थांबत नाही, आणि एक लिटरची बाटली बर्फात आतपर्यंत गार व्हायलाच अर्धा तास जातो.

अजून एक, सॅम्पल कुठून घेताय ते दर वेळी तेच ठेवा. एरेशन टाकीच्या आउटलेटकडचं वेगळं, डिफ्यूझर जिथे बंद पडलेत त्या कोपऱ्यातलं वेगळं, रिटर्न स्लज तर फारच वेगळं, क्लॅरिफायरच्या तळाशी बसून उपाशी राहिलेला असतो तो. वेळ पण लिहा. डाइंगवाले बाथ सोडतात ते दिवसभर सारखं नसतं, बॅच सुटली की एकदम येतं आणि प्लांटला पोचायला वेळ लागतो. ऑपरेटरला विचारा, त्याला इनलेटचा रंग बघून माहीत असतं. एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण) त्या दिवशीचं रजिस्टरमधून उतरवून घ्या, कोणी नाही म्हणत नाही.

---

गाळ_आणि_जिवाणू

दादा, बाटलीचा हिशोब वाचून थांबलेच मी, हे कुठल्याच पेपरात असं सरळ लिहिलेलं नाही. म्हणजे क्वेंचिंग प्लांटवरच करायला लागणार.

मग असं विचारते, ६० टक्के मिथेनॉल उणे ४० ला ठेवून त्यात सॅम्पल ओतायचं ही जी जुनी पद्धत आहे ती गाळाला चालेल का? आणि फास्ट फिल्ट्रेशन? लिक्विड नायट्रोजन सोलापुरात कुठून आणायचा हा पण प्रश्नच आहे.

---

मास_स्पेक_पुणे

६० टक्के थंड मिथेनॉलची पद्धत १९९२ ची, यीस्टवर बसवलेली. यीस्टची भिंत जाड. बॅक्टेरियाला, त्यातून ग्राम-निगेटिव्हला (पातळ भिंतीच्या), थंड मिथेनॉल लागला की आतलं बाहेर गळतं, मग तुम्ही सेंट्रिफ्यूज करून वरचं ओतलं की अर्धा माल गेला. गाळात ग्राम-निगेटिव्ह भरपूर. त्यामुळे क्वेंच करून धुवून मग एक्स्ट्रॅक्ट, हा रस्ता मी तुम्हाला सांगणार नाही.

फास्ट फिल्ट्रेशन शुद्ध कल्चरला छान. गाळाचा फ्लॉक म्हणजे पेशी कमी आणि चिकट ईपीएस (पेशींनी बाहेर सोडलेला चिकटा) जास्त, ०.४५ मायक्रॉनची मेंब्रेन काही मिलीलीटरातच चोक होते आणि तुम्ही व्हॅक्यूम लावून बघत बसता, तेवढ्यात एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) कधीच खर्च झालेला असतो. त्याचा टर्नओव्हर सेकंदांत असतो.

म्हणून गाळासाठी मला जे पटतं ते म्हणजे पेशी वेगळ्या न करता सगळं मिश्रण थेट एक्स्ट्रॅक्शन सॉल्व्हंटमधेच ओतायचं. क्वेंचिंग आणि एक्स्ट्रॅक्शन एकाच झटक्यात. ॲसिटोनायट्राइल २ मिली आणि मिथेनॉल २ मिली, त्यात ०.१ मोलर येईल इतकं फॉर्मिक ॲसिड, काचेच्या नळीत आधी भरून ठेवा. प्लांटवर टाकीतून मगभर गाळ काढला की लगेच, रुंद तोंडाच्या टिपनी १ मिली गाळ त्यात सोडा आणि जोरात हलवा. गाळाचं स्वतःचं पाणी धरून आपोआप ४०:४०:२० होतं, वेगळं पाणी घालायचं नाही. टिप मात्र कापून रुंद करा, साध्या टिपेत फ्लॉक अडकतात आणि दर वेळी वेगळा गाळ जातो, माझ्या मते निम्मा व्हेरिएशन इथूनच येतो.

सॉल्व्हंट किती गार पाहिजे? उणे २० चं सॉल्व्हंट आणि पस्तीस डिग्रीचा गाळ, हे मिसळलं की जेमतेम शून्याच्या आसपास येतं. ड्राय आइसमधे ठेवलेलं सॉल्व्हंट असेल तर मिसळल्यावर पण शून्याच्या चांगलंच खाली राहतं. तुमच्या उन्हात ड्राय आइसच घ्या, थर्माकोलच्या जाड डब्यात. लिक्विड नायट्रोजन हवाच असेल तर गुरांचं कृत्रिम रेतन करणाऱ्यांकडे विचारा, वीर्याच्या कांड्या त्यातच ठेवतात, जिल्ह्यात त्याचा पुरवठा असतोच, कुठून भरून आणतात ते त्यांना माहीत असतं. छोटा कॅन विभागाच्या नावाने मिळतो. पण गाडीवर बंद डिकीत किंवा एसी लावून काचा बंद करून नेऊ नका, ड्राय आइस पण नाही, काच खाली ठेवा.

फॉर्मिक ॲसिड कशाला ते पण सांगतो. नुसत्या सॉल्व्हंटमधे काही एन्झाइम थोडा वेळ जिवंत राहतात आणि एटीपी तुटून एडीपी, एएमपी होत राहतं. ॲसिडनी ते लगेच बंद पडतात. लॅबला आल्यावर अमोनियम बायकार्बोनेटनी न्यूट्रल करायला विसरू नका, नाहीतर सुकवताना ॲसिड घट्ट होत जातं आणि नाजूक गोष्टी त्यात तुटतात.

या पद्धतीचा तोटा उघड आहे, बाहेरच्या पाण्यातलं सगळं पण त्यात येतं. म्हणून त्याच क्षणी दुसऱ्या सिरिंजने थोडा गाळ फिल्टरमधून दाबून बाहेरचं पाणी वेगळं घ्या, एक-दोन मिली निघालं तरी पुरे. ते पण तसंच सॉल्व्हंटमधे. दोन्हींतला फरक म्हणजे पेशी अधिक फ्लॉकला चिकटलेलं. ईपीएसला चिकटलेलं आणि पेशीतलं हे दोन वेगळं करता आलं असा दावा मात्र थिसिसमधे करू नका.

---

रसायन_कट्टा

वरच्या सरांशी ९० टक्के सहमत. माझा अनुभव कापडाच्या सांडपाण्याचा आहे म्हणून मिठाबद्दल लिहितो, ते कोणी बोललं नाही.

कॉटनवर रिॲक्टिव्ह डाय बसवायला गडद शेडला बाथमधे लिटरमागे ५०-८० ग्रॅम मीठ नाहीतर ग्लॉबर सॉल्ट टाकतात, आणि डाय तरी सगळा कुठे बसतो, बराच धुण्याच्या पाण्यात जातो. ते सगळं मीठ प्लांटला येतं. गाळ पूर्ण मिश्रणासकट सुकवला की मीठ पण घट्ट झालं. एलसी-एमएसच्या सोर्समधे मीठ गेलं की आयन सप्रेशन, म्हणजे मेटाबोलाइट आहे पण सिग्नल दिसत नाही. आणि वाईट हे की डाय आलेल्या दिवशी मीठ जास्त, न आलेल्या दिवशी कमी. मग तुम्ही म्हणणार डायमुळे अमुक मेटाबोलाइट कमी झाला, आणि प्रत्यक्षात तो सिग्नल मिठाने दाबलेला. हे टाळायचं असेल तर आयसोटोप लेबल केलेले स्टँडर्ड एक्स्ट्रॅक्शनच्या सॉल्व्हंटमधेच आधीपासून टाकून ठेवा, शेवटी नाही. महाग असतात हे खरंय, पण C१३ चे ॲमिनो ॲसिड मिक्स एकदा आणलं की थोडं थोडं पुरतं. स्टँडर्डचा सिग्नल दोन्ही दिवशी सारखा दिसला तर पुढचं बोला. शिवाय सांडपाण्यात डिटर्जंट असतो, ह्युमिक (कुजण्यातून आलेले मोठे रेणू) असतं, ते पण दाबतात.

बाहेरच्या पाण्यासाठी एसपीई करा, म्हणजे पाणी कार्ट्रिजमधून सोडून रेणू त्यावर धरायचे. एचएलबी प्रकारच्या कार्ट्रिजवर साधारण सगळं बसतं आणि मीठ निघून जातं, पण छोटे पोलर रेणू, शुगर, ॲसिटेट वगैरे मिठाबरोबर वाहून जातात हे धरून चाला. सल्फोनेटेड तुकड्यांना वीक ॲनायन एक्स्चेंजचं कार्ट्रिज लागेल, पण सल्फेट जास्त असेल तर तेच जागा अडवून बसतं, म्हणून पाणी आधी डायल्यूट करून बघा.

रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ चं एक बघितलंय तेवढं सांगतो. ऑक्सिजन नसताना रंग गेलेला, पाणी जवळजवळ पारदर्शक, झाकण उघडून टेबलवर ठेवलं तर परत रंग धरायला लागतं. मूळचा निळा-काळा नाही, वेगळाच. तो अमिनोवाला तुकडा हवेत ऑक्सिडाइज होतो. म्हणजे तुम्हाला ज्याचा पीक हवाय तो तुम्ही नळ्यांवर लेबल लावेपर्यंत संपत चाललेला. त्यासाठी वेगळी नळी नायट्रोजन सोडून बंद करा, त्यात काही जण ॲस्कॉर्बिक ॲसिड घालतात. मेटाबोलोमिक्सच्या नळीत ते घालू नका, त्याचाच पीक सगळीकडे दिसेल.

आणि प्लास्टिक. क्लोरोफॉर्म वापरणार असाल तर पॉलिस्टायरीन तर नकोच, साध्या नळ्यांतून पण प्लास्टिसायझर निघतात. काच आणि टेफ्लॉनचं झाकण. ब्लँक म्हणून गाळाऐवजी शुद्ध पाणी घालून तीच सगळी प्रक्रिया, प्लांटवरच नळी उघडून.

---

गाळ_आणि_जिवाणू

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सरांना दाखवलं, ते म्हणाले सल्फोनिक ग्रुपचा मुद्दा बरोबर आहे, आधी छोटा पायलट करून आण मग बोलू.

पायलट असा ठरवतेय: एकाच वेळी घेतलेला गाळ, एक भाग ४०:४०:२० फॉर्मिकसकट, एक भाग ब्लाय-डायर, एक भाग एमटीबीई. मग कशाचे पीक जास्त येतात ते बघून निवडायची. बीड बीटिंग करू का सोनिकेशन? आणि नॉर्मलायझेशन कशावर करू, सुक्या वजनावर चालेल?

---

मास_स्पेक_पुणे

पीक मोजून निवडू नका ताई, कळकळीने सांगतो. पीक प्लास्टिकचे पण येतात, तुटलेल्या गोष्टींचे पण येतात. एटीपी तुटून एएमपी, ॲडेनोसिन झालं की पीक वाढलेच की! निवडताना तीन गोष्टी बघा. टाकलेलं लेबल स्टँडर्ड किती परत मिळालं. एकाच गाळाच्या पाच-सहा नळ्यांत आकडे किती जवळ येतात. आणि एनर्जी चार्ज, म्हणजे एटीपी अधिक अर्धा एडीपी, भागिले तिघांची बेरीज. चांगल्या वाढणाऱ्या पेशीत तो ०.८ च्या वर असतो. गाळ उपाशी असतो, त्यामुळे तुमचा थोडा कमी आला तर घाबरू नका, पण एका पद्धतीत ०.७ आणि दुसरीत ०.३ आला तर दुसरीत क्वेंचिंग फसलंय हे नक्की.

ब्लाय-डायर १९५९ ची, माशाच्या मांसातलं लिपिड काढायला केलेली, आणि अजून टिकून आहे याचं कारण ती लिपिडला खरंच चांगली. पण गाळात दोन थरांच्या मधे प्रोटीन आणि ईपीएसची जाड चकती बसते आणि खालचा क्लोरोफॉर्मचा थर काढायला पिपेट त्या चकतीतून खाली घालावी लागते, दर वेळी थोडी चकती येतेच. एमटीबीई हलकं, २००८ पासून वापरात, त्यात लिपिडचा थर वर येतो आणि कचरा तळाशी बसतो, काढायला सोपं, वासही बरा. लिपिड तुमचा मुख्य प्रश्न नाही, तेव्हा ब्लाय-डायर सोडून द्या, ४०:४०:२० आणि एमटीबीई एवढंच तुलना करा. एमटीबीई उन्हाळ्यात सांभाळून, पंचावन्न डिग्रीला उकळतं, फ्यूम हूडशिवाय नको.

बीड बीटिंगच. ०.१ मिमीचे मणी, थोडा वेळ फिरवायचं, बर्फात ठेवायचं, परत. प्रोब सोनिकेटरनी छोट्या नळीत सॉल्व्हंट बघता बघता तापतं आणि दोन नळ्यांत प्रोब सारखी बुडत नाही. नायट्रिफायर (अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू) गाळात घट्ट क्लस्टर करून राहतात, नुसत्या सॉल्व्हंटनी ते पूर्ण उघडत नाहीत, मणी लागतातच.

सुकं वजन नको. त्यात ईपीएस, वाळू, मीठ सगळं. व्हीएसएस (गाळातला जळून जाणारा सेंद्रिय भाग) बरं. त्याहून बरं म्हणजे एक्स्ट्रॅक्शननंतर तळाला जो पेलेट उरतो तो टाकू नका, त्यातून प्रोटीन मोजा, जमलं तर डीएनए पण काढा. लक्झेंबर्गच्या एका गटाने २०१३ मधे सांडपाण्याच्याच गाळावर एकाच तुकड्यातून मेटाबोलाइट, आरएनए, डीएनए, प्रोटीन असं एकामागोमाग काढून दाखवलंय. तुमचं डीएनएचं काम झालंय म्हणताय, पण ते वेगळ्या दिवशीच्या गाळाचं असेल, तर गाळ कोणाचा आणि मेटाबोलाइट कोणाचे हे जुळत नाही. फॉर्मिक ॲसिड लागलेल्या पेलेटमधला डीएनए तुटका येतो, पण १६एसपुरता (जिवाणू ओळखायचा जीन) चालू शकतो, एका नळीवर करून बघा.

---

एरेशन_टँक

मॅडम, पायलटला प्लांटवर सकाळी लवकर जा, सातच्या आत. गाळ तेव्हा तीसच्या खाली असतो, ड्राय आइस टिकतो, आणि शिफ्ट बदलायच्या आधी ऑपरेटरला बोलायला वेळ असतो. खरं सॅम्पलिंग जमलं तर थंडीत पण एकदा करा, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीच्या आधी, म्हणजे उन्हाळ्याचा आणि डायचा परिणाम वेगळा सांगता येईल.

---

रसायन_कट्टा

पुण्याला पाठवताना ओला एक्स्ट्रॅक्ट पाठवू नका. आधी सेंट्रिफ्यूज, वरचं नायट्रोजनच्या झोतात नाहीतर स्पीडव्हॅकमधे सुकवा, गरम वॉटर बाथवर नको, मग व्हायल नायट्रोजन भरून बंद, ड्राय आइसमधे, शुक्रवारी कुरिअर करायचं नाही. प्रत्येक नळीतून थोडं थोडं काढून एक पूल्ड क्यूसी (मशीन तपासायचं मिश्र सॅम्पल) बनवा आणि फॅसिलिटीला फॉर्मवर लिहून द्या की दर पाच-सहा सॅम्पलनंतर तो चालवा आणि सॅम्पलचा क्रम रँडम ठेवा. सांगितलं नाही तर तुम्ही दिलेल्या क्रमानेच लावतात, आधी सगळे बिनडायचे आणि मग सगळे डायचे, आणि मशीनचा ड्रिफ्ट तुमच्या निकालात जाऊन बसतो. फाइल कच्ची मागून घ्या, त्या फाइली बघायची सॉफ्टवेअरं एमएस-डायल आणि जीएनपीएस दोन्ही फुकट आहेत, घरी बसून बघता येतं.

---

गाळ_आणि_जिवाणू

ठरलं मग, पुढच्या आठवड्यात सकाळी सातच्या आत, ४०:४०:२० आणि एमटीबीई, काचेच्या नळ्या, कापलेल्या टिपा, पाण्याचा ब्लँक, बाहेरचं पाणी वेगळं. C१३ मिक्सचं कोटेशन आज मागवलंय, यायला वेळ लागला तर पायलट तोवर थांबवते, त्याशिवाय रिकव्हरी कळणारच नाही. एनर्जी चार्जचे आकडे आले की इथेच टाकते.